नातीआधी आजोबा

पप्पांनी वाळूजच्या कारखान्यात यंत्रांवर आवाज चढवून उभा जन्म काढला, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलायचे. त्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला तेव्हा सातवा महिना होता आणि पुण्याहून हलायची मनाई होती.

पप्पांनी एकच हट्ट धरला, नातवंडानं आपला आवाज ऐकलाच पाहिजे. माझ्या लहानपणी रविवारी ते मला स्कूटरवर पुढं उभं करून बजाजनगरहून दौलताबादला पेरू खायला न्यायचे आणि वाटभर बोलत राहायचे. तीच सगळी वाट त्यांनी घरच्या खुर्चीत बसून मोबाइलमध्ये बोलून ठेवली. रेकॉर्डिंग इतकं लांबलं, की व्हॉट्सअ‍ॅपवरून जाईना. मी मोठ्या फायली पाठवायची साइट सांगितली. ती आधी खातं उघडायला सांगायची, पण निनावीही पाठवता यायचं.

"एका फायलीसाठी कशाला लई खटाटोप!" म्हणत पप्पांनी निनावी पाठवलं आणि जागा खाते म्हणून मोबाइलमधली फाइल पुसूनही टाकली.

मी सावकाश ऐकू म्हणून थांबले. उघडायला गेले, तर फाइल गायब. निनावी आलेलं ती साइट आठवड्याभरात काढून टाकते. ऑपरेशन तोंडावर आलेलं. मी फोनवर हमसाहमशी रडले.

पप्पा भडकले, पण साइटवर. "नाव नाय सांगितलं म्हणून बाहेर काढलं व्हय? थांब, आता सांगतोच नाव!"

आवाज घोगरा झाला होता, मधेच ठसका लागायचा, तरी त्यांनी खुर्चीतली स्कूटर पुन्हा काढली. या वेळी आधी खातं उघडलं. मला मेल आला, त्यात पाठवणाऱ्याचं नाव होतं 'आजोबा'. बाळ अजून पोटातच होतं. मला हसू आवरेना आणि रडूही.

आता लेक दीड वर्षाची आहे. बजाजनगरला गेलो, की ती पप्पांच्या मांडीवर बसून ते ऐकते. पप्पांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मोबाइलमधले पप्पा ओरडतात, "डावीकडं बघ बाळा, किल्ला दिसला का?" तिला मांडीवर घेऊन बसलेले पप्पा तिची हनुवटी हलकेच डावीकडं वळवतात. तिथं खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

"किल्ला!" ती बोट दाखवून ओरडते, अगदी पप्पांसारखी. पप्पा मान हलवून व्हय म्हणतात.