बाटल्यांचा शेजार

वासंतीबाई गेल्याचा फोन त्यांच्या यजमानांनी केला. सकाळीच, पिपरी मेघेच्या घरी, हृदयविकाराचा झटका... महिना उलटला, तरी कॉलेजातल्या रसायनांच्या खोलीचं कुलूप काढताना मी क्षणभर त्यांची वाट पाहते.

मी प्रयोगशाळा सांभाळते त्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बाई रसायनशास्त्र शिकवायला आल्या, तेव्हा त्या खोलीतल्या बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या होत्या. सापडायला सोपं, म्हणून मला ते बरं वाटायचं. बाईंचा चेहरा मात्र दारातच उतरला. रॉकेलात बुडवलेला सोडियम आणि त्याला खेटून सल्फ्युरिक आम्ल! "नावं शेजारी आली म्हणून स्वभाव जुळते का?" त्या म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी सगळं गुणधर्मांप्रमाणे लावायला बसलो. आम्लं एकीकडे, अल्कली दुसरीकडे, पेट घेणारी द्रावकं आणि आग भडकवणारे क्षार एकमेकांपासून लांब.

मागच्या रांगेत पिक्रिक आम्लाची जुनी बाटली निघाली. मी हात पुढे केला, तोच बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं थंडगार होती. "हात नोका लावू. आतलं पाणी पार वाळलं. झाकण फिरवलं तरी फुटन." झाकणाच्या कडेला पिवळे कण दिसत होते... श्वास रोखून आम्ही मागच्या पावली बाहेर आलो.

प्राचार्य म्हणाले, शिपायाला सांगून फेकून द्या. बाईंनी ऐकलं नाही. इमारत रिकामी करवली आणि नागपूरहून बॉम्बनाशक पथक येईपर्यंत कोणालाही फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मैदानातल्या खड्ड्यात ती बाटली उडवली, तेव्हा सायकल स्टँडचे पत्रे थरथरले. तुम्हाला भीती नाही वाटली का, मी विचारलं.

"मले तं अजून वाटून राह्यली," त्या म्हणाल्या. "वाटलीच पाह्यजे."

परवा त्यांच्या घरी गेले होते. यजमान एकटेच होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, न्हाणीघर धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर त्यांनी चुकून तिथल्या एकाच फळीवर ठेवली होती. दोन्ही मिसळली तर विषारी वायू सुटतो. रात्री त्यांनी अंथरुणाला पाठ टेकली, पण डोळा लागेना. शेवटी उठून पावडरीचा डबा मागच्या पडवीत नेऊन ठेवला. "आता रागावाले कोणी नाई," ते म्हणाले, "पण भेव वाटलं." निघताना मी पडवीत डोकावले... आणि तिथून न्हाणीघरापर्यंतचं अंतर नजरेनंच मोजलं.