पाणी थुंकणारं इंजिन

श्रीमंत मिस्तरीच्या नावावर गावानं पोटभर विनोद केले आहेत. नाव श्रीमंत, आणि हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. नायगाव तालुक्यातल्या त्या गोदाकाठच्या गावात तीस वर्षं एकही डिझेल इंजिन त्याचा हात लागल्याशिवाय पाणी उपसत नव्हतं. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा आणि ते खरं निघायचं. पुढे शेतोशेती विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं कडब्याच्या गंजीआड गेली आणि मिस्तरीचे हात रिकामे झाले. असला माणूस रिकामा बसला की घरातलं धडधाकट घड्याळसुद्धा खोलून ठेवतो.

तेव्हा त्यानं जुनी मोटरबोट घ्यायची ठरवलं. कारण होतं बायकोचं. गुणाबाईचं माहेर नदीपलीकडे, अगदी समोर. तिची म्हातारी आई तुळजाबाई तिथं एकटी राहते. पुलावरून जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस जातो. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एकाच्या पेट्रोलच्या होडीतून गुणाबाई निघाली आणि भर धारेत इंजिन बंद पडलं. होडी वाहत वाहत कोसभर खाली एका बाभळीला अडकली तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्या दिवसापासून तिनं होडीत पाय ठेवला नव्हता. आईचं घर डोळ्यांना दिसायचं आणि बाई एसटीची वाट बघत फाट्यावर उभी. श्रीमंतला हे बघवत नव्हतं.

"घ्या होडी," ती म्हणाली, "पर इंजिन म्या बगणार. मला पटलं तरच बसणार. न्हाईतर तुमी एकटेच हिंडा."

उदगीरकडच्या एका तलावावर चन्नबसप्पांनी चालवलेलं बोटिंग बंद पडलं होतं आणि त्यांच्या तीन होड्या विकायला निघाल्या होत्या. नवरा-बायको सकाळीच तिथं पोचले. श्रीमंत नुसता उतावीळ झाला होता. टेम्पो थांबायच्या आत त्यानं उडी मारली आणि बायकोला मागं टाकून काठ गाठला.

"बर्री मिस्तरी, या," चन्नबसप्पा म्हणाले. "म्या कापडाचा दुकानदार. मला इंजिनातलं कायबी कळत न्हाई. चालवणारा नोकरी सोडून गेला. आता तुमीच बगा."

पहिली होडी पेट्रोलची, चकचकीत. श्रीमंतनं तिच्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही. "आप्पा, पेट्रोल म्हंजे जावई. ठिणगी पायजे, प्लग कोरडा पायजे, जरा पाणी लागलं की रुसला. डिझेलला ठिणगीच लागत न्हाई. हळू चालंल, पर वझं ओढंल आन् मधीच बसणार न्हाई."

उरल्या दोन डिझेलच्या. एक निळी, रंग उडालेली. एक लाल, नुकतीच रंगवलेली. त्यानं आधी दोन्ही इंजिनांवर तळवा ठेवून पाहिला. दोन्ही गार. त्याला बरं वाटलं, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून त्याची सुरू व्हायची खोड लपवणारे बिलंदर त्यानं खूप पाहिले होते.

निळी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आवाज इतका भरदार की श्रीमंतच्या अंगावर काटा आला. मग तो मागं गेला आणि त्याचं तोंड उतरलं. धुराच्या नळीतून धुराबरोबर पाणी उडत होतं, भसाभसा.

"खलास," तो म्हणाला. "हेडचं गॅसकीट गेलं. धुरात पाणी म्हंजे इंजिन आतून फुटलंय."

लाल होडीही लगेच सुरू झाली. नळीतून नुसता कोरडा धूर, पाण्याचा थेंब नाही. श्रीमंत खुलला. "ह्याला म्हणतेत इंजिन. आप्पा, हीच घेतो."

"मोकळ्यावर तर कुणीबी पळतंय," गुणाबाई म्हणाली. "वढायला लावा की."

हे त्याला पटलं. बैल घेताना गाडीची चाकं साखळीनं जखडून जोडीला ओढायला लावतात. तीच परीक्षा इथं घ्यायची. त्यानं होडीच्या मागच्या कडीतून जाड नाडा काढून काठावरच्या कडुलिंबाला बांधला, गिअर टाकला आणि डिझेल पूर्ण सोडलं. नाडा ताणला, लिंब हलला. चन्नबसप्पा हसले. "हाळीच्या बैलबाजारात असं बगितलंय म्या. तलावावर पयल्यांदाच."

दहा मिनिटं झाली नसतील, तोच लाल इंजिनाचा आवाज जड झाला. जळक्या रंगाचा वास सुटला. श्रीमंतनं हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. त्यानं झटकन इंजिन बंद केलं आणि डोकं खाजवत बसला. इतकं ठणठणीत इंजिन तापलं कशानं?

"आता निळीला बांधा," गुणाबाई म्हणाली.

"अगं, ते फुटलेलं हाय."

"असू द्या. परीक्षा दोघांची सारखी."

कुरकुरत त्यानं निळी बांधली. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास झाला. इंजिन एका सुरात ओढत राहिलं. मागून पाणी उडतच होतं. गुणाबाईनं काठावरून वाकून त्या पाण्याखाली हात धरला.

"अवो, कोमट लागतंय."

"लागंल की. फुटलंय म्हणून तर..."

"मग ऑइल बगा. गॅसकीट गेलं की ऑइल दुधाच्या चहावानी व्हतंय, असं तीस वर्सं अंगणात बसून कोण सांगत व्हतं?"

श्रीमंतनं इंजिन बंद करून ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल काळंभोर, स्वच्छ. दुधाचा मागमूस नाही. तो पट्टीकडं बघत राहिला, मग नळीकडं, मग तलावाकडं, आणि एकदम कपाळावर हात मारून खो खो हसत सुटला.

शेतातलं इंजिन वापरलेलं पाणी वेगळ्या नळीनं पाटात सोडतं. त्याच्या धुरात पाणी आलं तर ते मेलंच. पण हे इंजिन तलावाचं पाणी पिऊन, आतली गरमी घेऊन, तेच पाणी धुराच्या नळीतून बाहेर थुंकत होतं. थुंकणं हीच त्याची तब्येत. लालचा पाणी ओढणारा पंपच बंद पडला होता, म्हणून ती कोरडी. किती दिवस तशीच तापत पळाली असेल, देव जाणे.

"आप्पा, म्या मेलेलं घेऊन जितं सोडत व्हतो," तो म्हणाला. आपली चूक सांगतानासुद्धा त्याला आनंदच होत होता. या वयात इंजिनानं त्याला नवीन काही शिकवलं होतं. निळी ठरली.

चार दिवसांनी निळी गोदावरीत उतरली. अर्धा गाव काठावर जमला होता. गुणाबाई पदर खोचून होडीत बसली खरी, पण दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. इंजिन ओढत राहिलं, काठ मागं गेला, आणि होडी त्याच जागी आली जिथं दोन वर्षांपूर्वी सगळं थांबलं होतं.

"बंद करा," गुणाबाई म्हणाली.

"काय?"

"इंजिन बंद करा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि बंद केलं. सगळीकडं शांत झालं. धारेनं होडी धरली आणि ती खाली सरकू लागली. श्रीमंतचा हात चावीकडं गेला तसा गुणाबाईनं तो बाजूला केला. थोडा वेळ ती वाहत्या पाण्याकडं बघत बसली. मग तिनं स्वतः चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

फळीवरचा दुसरा हातही तिनं सोडला. "चला आता लवकर," ती म्हणाली. "आईचं जेवण व्हायच्या आत पोचू."