पाणी सोडणारे मामा

आमच्या गावाला पाणी नगरपरिषद द्यायची, हा कागदोपत्री समज. खरं पाणी द्यायचे ते आमचे व्हॉल्वमन मामा. शहागडहून गोदावरी टाकीपर्यंत यायची ती सरकारी कृपेने. पुढे कुठल्या गल्लीत उतरायचं हे ती मामांना विचारूनच ठरवायची. मी पाणीपुरवठ्याचा अभियंता. माझ्याकडे पदवी, नकाशे आणि फिरती खुर्ची. मामांकडे व्हॉल्व फिरवायची एक लांब लोखंडी चावी. गाव सलाम करायचं ते चावीला, आणि माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

पाणी आठवड्याने यायचं, त्यामुळे लग्नाची तारीख भटजींच्या आधी मामांना दाखवत. मामा चहा बशीत ओतत म्हणायचे, "शुक्रवारचं धरू नका. त्या दिशी तुमच्या गल्लीची पाळी न्हाई." मुहूर्त बदलायचा. मी वेळापत्रक छापून चौकात लावलं, तर लोक त्याचा फोटो काढून मामांना पाठवायचे, खरं आहे का विचारायला. त्यात माझी बायकोही होती. मामा जमिनीत चावी रोवून मुठीला कान लावायचे, "हितं गळून राह्यलं" म्हणायचे, आणि तिथंच गळत असायचं. कुणी पाहत नाही असं बघून मीही एकदा कान लावला. कानाला गंज लागला.

गेल्या पावसाळ्यात खालच्या गल्लीत जमिनीखालची नाली तुंबून पाणी घरांत शिरलं. मी नकाशा उघडून खोदायला लावलं. निघाला नुसता मुरूम. लोक गुडघाभर घाणीत आणि मी छत्रीत. तेवढ्यात मामा आले, चपला हातात घेऊन, आणि थेट किराणा दुकानाच्या ओट्यापाशी थांबले. "नकाशात नाली सरळ जाती सायब. पण खोदताना खडक लागला, म्हून ह्या ओट्याखालून फिरवल्ती. मी हजर व्हतो ना तवा." ओटा फोडला, नाली मोकळी केली, पाणी ओसरलं. लोक कौतुकाने वळले, तर मामा म्हणतात कसे, "मला काय म्हंता? सायबांनीच दावलं." इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. माणसाने मत्सर करायलाही थोडी जागा ठेवावी की नाही!

मागच्या महिन्यात मामा निवृत्त झाले. हार-नारळ माझ्याच हस्ते दिला गेला, आणि मामांनी चावी माझ्याच हातात ठेवली. नवा माणूस मिळेपर्यंत सकाळी मीच फिरतो. पहिल्याच दिवशी मामांच्या गल्लीत गेलो. दारात बनियनवर मामा, पुढ्यात दोन रिकाम्या बादल्या. आज कुणाची पाळी हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असणार. तरी उठून उभे राहिले आणि नळावरच्या बायकांदेखत अदबीने विचारलं, "सायब, आज पाणी येईल का आपल्याला?"

गावात कुणीतरी मला हे विचारावं, म्हणून मी इतकी वर्षं झुरलो होतो.

"येईल," म्हणालो आणि व्हॉल्वपाशी वाकलो. चावीला किती फेरे द्यायचे, तेच मला माहीत नव्हतं. विचारावं तर एकाच माणसाला, आणि तो माझ्या भरवशावर नळाखाली बादली लावून उभा होता.