रेस धरायला

चंदीगडजवळ मनीमाजऱ्यात एका रिकाम्या प्लॉटवर खराडेकाकांचा ट्रक उभा असतो. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, हौद्याला फौजी गाड्यांसारखा हिरवा रंग, मागे शायरी वगैरे काही नाही. एप्रिल संपता संपता त्या इंजिनात खडखड सुरू झाली. गाडी नुसती चालू असताना आवाज नाही, भरधाव पळताना नाही. मधल्या एका ठरावीक रेसवर आली की पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा.

काकांचं नाव सदाशिव. गाव तासगावच्या बाजूला. सगळी नोकरी सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली आणि जवळच्याच चंडीमंदिर छावणीतून निवृत्त झाल्यावर ते मुलाच्या शाळेपायी इथेच राहिले. मुलगा शिकला, कॅनडाला गेला. मराठी त्याला कळते, पण फोनवर तो बोलतो हिंदीत, आणि मग काकाही हिंदीत बोलतात. पत्नी रत्नप्रभा वारली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावाकडे जायला हरकत नव्हती, पण जायचं कुणाकडे, हा प्रश्न होता.

ट्रक त्यांनी घेतला तो बदलीवाल्यांचं सामान वाहायला. सैन्यातली, हवाई दलातली, बँकांमधली मराठी कुटुंबं इथे येतात आणि महिनाभरात कुणीतरी त्यांना सांगतं, मनीमाजऱ्यात एक खराडेकाका आहेत. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, गणपतीची मूर्ती कुठून आणायची, हे विचारायला लोक येतात आणि पुढे नुसतेच येऊ लागतात. दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम निघतो. मग त्यांची कपाटं आणि काळ्या पेट्या काकांच्याच ट्रकमध्ये चढतात. कुंड्या लांबच्या प्रवासात टिकत नाहीत म्हणून त्या काकांकडे राहतात. त्यांच्या दारात सात तुळशी आहेत आणि कोणती कुणाची हे त्यांना पाठ आहे.

ज्यांच्याशी मराठीत बोलायचं, त्यांना आपणच गावाबाहेर नेऊन सोडायचं, असा हा धंदा. तरी काकांना तो प्रवास हवा असे. कुटुंबाची मोटार मागून यायची, ढाब्यावर सगळे एकत्र जेवायचे, आणि नव्या घरात पहिला चहा व्हायचा तेव्हा काका तिथे असायचे. पुढे फोन कमी होत जातात. पण घर लागलेलं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

या वेळी जाणारे होते श्रीराम आणि वंदना. श्रीराम हवाई दलात, बदली जोधपूरला. वंदना मूळची नागपूरची. दर रविवारी ती काकांकडे डबा घेऊन यायची आणि दुपारभर थांबायची. ते गेले की रविवारी येणारं कुणी उरणार नव्हतं. शनिवारी निघायचं होतं, आणि काकांना त्यांचं सामान स्वतः जोधपूरला न्यायचं होतं. त्याच्या आत आवाज सापडायला हवा होता.

मोटर मार्केटमधल्या मिस्त्रीने बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं. "बेरिंग गया, चाचाजी. कबाड़ में दे दो." काका गाडी घेऊन परतले. आवाजाच्या बाबतीत ते अंदाजाने बोलत नसत आणि खोटं तर मुळीच नाही. एका ओळखीच्याने गाडी विकताना, गिऱ्हाइकाला 'इंजिन ठीक आहे' एवढंच सांगा म्हणून गळ घातली होती. काकांनी गिऱ्हाइकासमोर टॅपेटची टकटक दाखवून दिली. ती ओळख तिथेच संपली.

तर त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. सायलेन्सरच्या पट्ट्या आवळल्या, पंख्याचा पट्टा काढून पाहिला, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. आवाज आतलाच होता. पुढची तपासणी मात्र एकट्याची नव्हती. एकाने केबिनमध्ये बसून नेमक्या त्याच रेसवर पाय धरायचा आणि दुसऱ्याने डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज थांबेल, दुखणं तिथलं. हा पाय पूर्वी रत्नप्रभेचा असे. ती मांडीवर मेथी निवडत बसायची आणि रेसची सुई हलू द्यायची नाही. काकांनी पेडलवर वीट ठेवून पाहिली. इंजिनाच्या थरथरीने ती सरकत राहिली.

दोन दिवस घुटमळून त्यांनी वंदनाला फोन केला.

"ताई, उद्या तासभर पाय उसना मिळंल का?"

"एकच हवाय की दोन्ही?" ती म्हणाली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर, येते म्हणाली.

सकाळी ती ओढणी कमरेला बांधून केबिनमध्ये चढली. आवाज आला तशी काकांनी हाक दिली, "तिथंच धरा. हलू देऊ नका." पहिल्या नळीवर फडकं गुंडाळून नट सैल केला. इंजिन लंगडलं, खडखड तशीच. दुसरी, तीच गत. तिसरा नट सैल झाला आणि खडखड थांबली. काकांनी तो आवळला, पुन्हा सैल केला. तिसऱ्यातच होतं.

"म्हणजे चांगलं की वाईट?" वंदनाने वरून ओरडून विचारलं.

"डिझेल उडवणारं नोझल असलं तर सर्दी-पडसं. बेरिंग असलं तर..." काकांनी हात नुसता हलवला.

ओळखायचा उपाय सोपा होता: तिसरं नोझल पहिल्या जागी बसवायचं, पहिलं तिसऱ्या. नोझलबरोबर आवाजही जागा बदलून गेला तर दोष नोझलचा. इंजिन निवेपर्यंत दोघं चहा घेत बसले. बेरिंग निघालं तर जोधपूर जमायचं नाही, असं काका सांगत होते. वंदना बराच वेळ कपातच बघत राहिली.

अदलाबदल झाल्यावर तिने पुन्हा पाय धरला. तिसऱ्या नळीचं डिझेल तोडलं, खडखड चालूच. पहिलीचं तोडलं आणि खडखड थांबली. काकांनी पाना खाली ठेवला; दोष नोझलचाच होता. मग त्यांनी जपून ठेवलेलं एक जादा नोझल आणून बसवलं, वंदनाला गाडी सुरू करायला लावली, रेस हळूहळू चढवून घेतली. खडखड गेली होती.

"शनिवारी पहाटेच निघू," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत हिसार."

वंदना खाली उतरली. "काका, एक सांगायचं राहिलंय." मग तिने सांगितलं, की श्रीरामने मागच्याच आठवड्यात एका कंपनीचा ट्रक ठरवला. भाड्याचे पैसे परत द्यायला ऑफिसला कंपनीचं बिल लागतं, आणि त्याने हा आवाजही ऐकला होता. "मी फोनवरच सांगणार होते. पण तुम्ही पाय मागितलात."

काकांनी बोटं एकेक करून पुसली. बरोबर आहे त्यांचं, असं काहीसं ते म्हणाले. आणि मग, "एकदा चढावर ऐकायला हवं. जोर पडल्याबिगर खरं कळत न्हाई. येता?"

चंदीगड सगळं सपाट. चढ हवा म्हणून ते पंचकुला ओलांडून, पिंजोरवरून परवाणूच्या रस्त्याला लागले. पंचकुल्यात दुभाजकावर बहावा फुलला होता. सकाळपासून दोघं ओरडून बोलत होते. आता साध्या आवाजात बोललेलं ऐकू आलं असतं, आणि दोघंही गप्प होते. चढावर काकांनी गियर खाली घेतला, नेमकी ती रेस धरली, ओलांडली, पुन्हा धरली. इंजिन एका सुरात चढत राहिलं.

प्लॉटवर परत आल्यावर त्यांनी गाडी बंद केली नाही.

"गेला ना?" वंदनाने विचारलं.

काकांनी मान कलती करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"थोडा राहिलाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "बारीक हाय. उद्या परत बघावं लागंल."

वंदनाने बोनेटवर हात टेकवला. हाताखाली इंजिन स्वच्छ, सारखं चाललं होतं.

"हो," ती म्हणाली. "मलाही ऐकू येतोय. उद्या दहाला येते."