रंजनाताई मुलं चोरत नव्हती

रंजनाताईला चपलांनी, दगडांनी आणि जीपच्या पान्याने मारलं. दिवसाढवळ्या, भर फाट्यावर.

आज वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर तिचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी फिरतायत. मला भयंकर राग येतोय. तोच लिहिते, कुणाला टोचलं तर टोचू दे.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ताई नाशिकरोडची. नवरा एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये. ती घरी ब्लाउज शिवायची, आणि ज्यांची मुलं 'संरक्षणासाठी' उचलून बालगृहात ठेवली जातात त्या आईबापांसाठी भांडायची.

मी वकील. अर्ज मी लिहायचे, बाकी सगळं ती करायची.

सुनावणीला आलेल्या आईला ती आधी टपरीवर वडापाव खायला लावायची.

"खा गं. उपाशी आत गेलीस तर नुसती रडशील. रडलीस की ते लिहितात, आईची मनःस्थिती ठीक नाही."

हिराची केस अशीच तिच्याकडे आली.

हिरा सुरगाण्याकडची, निफाडला द्राक्षबागेत मजुरीला आलेली. बागेला लागून शेततळं. म्हणून काम करताना ती पोराच्या पायाला जुन्या साडीची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक बागेच्या खांबाला. तिच्यासोबतच्या सगळ्या बाया तेच करायच्या. नाहीतर पोर दुडदुडत पाण्याकडे जातं.

कुणीतरी व्हिडिओ काढला. 'जनावरासारखं बांधलेलं बाळ.' झाला व्हायरल.

बालसंरक्षणवाल्यांची गाडी आली. हिरा पोर सोडेना. एकीने तिचे केस धरून मान मागे ओढली, दुसरीने तिची बोटं एकेक करून उलटी वाकवली. एक बोट मोडलं, ते आजही वाकडं आहे. पोराच्या पायाची गाठ सोडायला कुणाला वेळ नव्हता, पट्टी विळ्याने कापली.

बालकल्याण समितीसमोर ताईचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू यायचा.

"मॅडम, तिथं पाळणाघर काढलंय का कुणी? ते पोर तळ्यात बुडालं असतं तर हिलाच आत टाकली असती ना तुम्ही?"

तारखांवर तारखा पडल्या. आईला पक्कं घर नाही. आईचा पत्ता बदलतो. होम व्हिजिट बाकी आहे. पोर तिकडेच मोठं होत राहिलं.

शेवटी पोर हिराला परत द्यायची ऑर्डर निघाली. ताईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले.

दुसऱ्या दिवशी ताई आणि हिरा पोराला घेऊन गावाकडे निघाल्या. फाट्यावर उतरून पुढची जीप धरायची होती.

पोराचं डोकं भादरलेलं, अंगात बालगृहाचा निळा शर्ट, बोलणं अगदी पुस्तकी. हिरा त्याच्या लेखी परकी बाई होती. तिने कडेवर घेतलं आणि ते किंचाळायला लागलं.

"सोडा मला. मला मॅडमकडे जायचंय."

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर तो मेसेज फिरत होता. मुलं पळवणाऱ्या बायका आल्यात, सावध राहा. तुमच्यातल्या कुणी कुणी मला तो पाठवला होता, ते माझ्या फोनमध्ये अजून आहे.

फाट्यावर एकाने विचारलं, "ए बाई, कोणाचं पोर हे?"

आणखी दोघं-तिघं जवळ आले.

हिरा पळाली.

माणसं जमून प्रश्न विचारायला लागली की पोर हिसकावून नेतात, एवढंच तिला माहीत होतं. पोराला काखेत धरून ती वावरात घुसली. गर्दीला आणखी काय पुरावा हवा होता?

ताई आडवी आली. "तिच्या मागं जायचं नाही. तिचंच लेकरू आहे. ही बघा ऑर्डर."

"असले कागद कुठंही छापून मिळतात," म्हणत एकाने ऑर्डर फाडली. ताईने त्याच्या कानाखाली वाजवली. हे मला कळलं तेव्हा त्या सगळ्या रडारडीत मला बरं वाटलं होतं.

मग तिला खाली पाडलं. जबडा मोडला. बरगड्या मोडल्या. एक जण वावराकडे धावला तर तिने पडल्या पडल्या त्याचा पाय धरला. तिने सोडावं म्हणून त्याने दुसऱ्या पायाने तिच्या तोंडावर लाथा घातल्या. लोक व्हिडिओ काढत होते. मी तो पूर्ण पाहिलाय, कोर्टासाठी पाहावा लागला.

हिरा टोमॅटोच्या वावरात पोराचं तोंड दाबून पडून होती.

ती मला म्हणाली, "वकीलताई, त्या वाचवा नाय म्हणल्या. पळ हिरा, पळ, इतकंच वरडत होत्या. मंग आवाजच यायचा बंद झाला."

आरोपी जामिनावर आहेत. त्यातला एक कोर्टाच्या कँटीनमध्ये मला नमस्कार करतो. म्हणाला, "मॅडम, आम्ही तर पोर वाचवायला गेलो होतो."

हातातला गरम चहा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. हिराचं बोट मोडणारेही पोर वाचवायलाच आले होते.

आणि ताई गेल्यावर पंधरवड्यात समितीची नोटीस. घडल्या प्रकारामुळे बालक आईकडे सुरक्षित नाही, पुन्हा हजर करा.

मी हिराला आधी वडापाव खायला घातला. मग आत जाऊन टेबलावर हात आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईसारखी ओरडले. "हे पोर घरी जावं म्हणून एक बाई ठेचून मेलीये. आता न्यायचं असेल तर मला पण तसंच पाडून न्या."

पोर हिराकडेच राहिलं.

मागच्या महिन्यात त्यांच्या पाड्यावर गेले होते. पोरगं मला बघून हिराच्या मागे लपलं. तिची साडी घट्ट धरून त्याने हळूच विचारलं,

"आय, ही आपल्याला न्यायला आली हाय का?"

रंजनाताई, तो तिला आय म्हणतो.

एवढंच सांगायचं होतं तुला. जयभीम.