फुली खांद्यावर, गोळी मांडीत

काही तपास निवृत्तीनंतरही सोबत राहतात. पोलादपूरचा हा त्यांतला एक. तेव्हा ठाणे माझ्याकडे होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातल्या एका वाडीतून फोन आला: निवृत्त फौजीने शेजाऱ्याला गोळी घातली. गोळी मांडीत शिरली होती, जखमी शुद्धीवर होता. दोघांत बांधावरून जुना वाद.

वाडीचे मत एकच. "फौजीचा नेम कधी चुकला नाय, साहेब. लागली म्हंजे मारलीच."

एखाद्याची कीर्ती त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरलेली मी प्रथमच पाहिली. जन्मठेपेपर्यंत जाणारे, खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले. पीकरक्षणाच्या परवान्याची रायफल जप्त झाली. तिच्यावर मुंबईच्या जावयाने बसवून दिलेली नवी दुर्बीण होती. जावयाची भेट, ती समजून घेण्याआधी मिरवायची असते.

कोठडीत फौजी ताठ बसला होता.

"डुकरावर झाडली. दोनशे मीटर. दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यावर होती. मागं गवतात हा बसलेला दिसला नाय."

"मग नेम चुकला म्हणा."

"माझा नेम चुकत नाय."

"अहो, चुकला म्हणालात तर वाचाल!"

"मग काय खोटं बोलू?"

मी मुख्यालयातून आर्मरर, म्हणजे शस्त्रांचा कारागीर, बोलावला. त्याने पंचांसमोर रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि फुली दोनशे मीटरवरच्या फळीवर धरली. "आता दुर्बिणीतून बघत, बंदुकीला हात न लावता नुसती मान वर करा."

मी मान वर केली. फुली फळीवरून वीतभर खाली घसरली. नळी जागची हलली नव्हती.

दुर्बिणीच्या बाजूला अंतराचे चाक असते. ते निशाणाच्या अंतराला जुळवले नाही, तर डोळा मध्यावरून हलताच फुली सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. चाक वीसवर होते. ते दोनशेवर आणल्यावर मी मान कितीही हलवली तरी फुली हलेना. दुर्बीण उंच बसवलेली, म्हणून फौजी गाल दस्त्याला न टेकवता मान उचलून बघे. सरकलेली फुली डुकराच्या खांद्यावर आणताना नळी वर गेली आणि गोळी पाठीवरून पार झाली.

पण वीसवर चाक आणले कोणी? फौजी म्हणाला, "मी हात लावला नाय."

जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो, तेव्हा जखमीने नजर चुकवली.

"दसऱ्याला सोनं द्यायला गेलो व्हतो. रायफल पूजेला ओटीवर ठेवलेली. समदे दुर्बिणीला डोळा लावत व्हते. मला अंगणातली तुळस धुरकट दिसली, म्हणून मीच चाक फिरवलं."

त्याचा जबाब आणि आर्मररचा अहवाल न्यायालयात गेला. मोठे कलम निघाले, निष्काळजीपणाचे राहिले. ते राहायलाच हवे होते. पलीकडे कोण आहे हे न पाहता घोडा ओढणाऱ्याला दुर्बीण निर्दोष करत नाही. मी मात्र एवढे शिकलो की, खरे बोलणारा माणूसही चुकीचे सांगत असू शकतो. त्याला खोटारडा ठरवण्याआधी त्याने कुठून पाहिले, ते पाहावे.

जामीन झाल्यावर, जखमीच्याच सांगण्यावरून, मी फौजीला त्याच्याकडे नेले. फौजी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. म्हणाला, "चुकला रे माझा नेम."

"मग आधी बोलायचं ना!" शेजारी कण्हत उठून बसला. "तू मुद्दाम मारलीस असं वाटायचं, ते मांडीपेक्षा जास्त दुखत व्हतं."