घळजाईसाठी बॅटरी

वावळ्याचे बाळाजी गुरव बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या हातातली विडी तशीच विझून जायची. आवाज खर्जातला, मान डोलवायची लकब, आणि नेमकं कुठे थांबायचं याची जाण उपजत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या त्या एवढ्याशा गावात कुणाला इतकं बोलायचं कामच पडत नसे. गुरवबुवांना मात्र वर्षातून एकदा पडायचं, आणि त्या एका दिवसावर त्यांचा बाकीच्या वर्षाचा रुबाब चालायचा.

गावची देवी घळजाई. ती राहायची समुद्राकाठच्या खडकातल्या एका घळीत, जिचं तोंड एरवी पाण्याखाली असे. माघी पौर्णिमेच्या सकाळी मोठी ओहोटी लागली की ते तेवढ्यापुरतं उघडं पडायचं. मग सारा गाव वाळूत उभा राहायचा आणि बुवा एकटेच, हातात पेटता काकडा घेऊन आणि कमरेला देवीची ओटी बांधून, पाण्यातून रांगत आत शिरायचे. आत जायचा मान गुरवांचा. दुसऱ्या कुणाची तशी छातीही नव्हती. बाहेर आले की लोक एकच विचारायचे, आईचा चेहरा कसा होता? आणि बुवा सांगायचे. डोळे कसे पाणावले होते, ओठ कसे मिटले होते, नथीतला मोती कसा लुकलुकला. त्यावरून लोक मासळीचा आणि भाताचा अंदाज बांधायचे. अंदाज चुकला तर दोष गावाच्या पापाला लागायचा, बुवांच्या वर्णनाला कधीच नाही.

खरी गोष्ट अशी होती की बुवांनी देवी पाहिलीच नव्हती.

घळीच्या वळणावर वरून पाण्याची धार गळायची आणि काकडा दरवर्षी तिथेच विझायचा. पहिल्या वर्षी तरणे बाळाजी पांढरेफटक पडून घरी आले, तेव्हा बापाने त्यांना माजघरात नेऊन हळूच सांगितलं की विझायचाच. माझाही विझायचा, तुझ्या आज्याचाही विझायचा. उजवा हात भिंतीला लावून पुढे सरकायचं, भिंत संपली की हाताला कट्टा लागतो, त्यावर ओटी ठेवायची, नमस्कार करायचा आणि मागे फिरायचं. मग चेहऱ्याचं काय, असं लेकाने विचारलं तर बाप म्हणाला, देवाने तुला तोंड कशाला दिलंय?

त्या तोंडावर बुवांनी निम्मं आयुष्य निभावून नेलं. ते तसंच निभलंही असतं, पण चौतीस सालच्या दिवाळीत मुंबईच्या गिरणीतला रघू सुट्टीवर आला आणि त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. नाटकाचे पडदे रंगवणारा एक चितारी त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून घळजाईचं चित्र काढून घ्यायचं, छापायचं, आणि वावळ्याच्या घराघरात लावायचं. देवी कशी दिसते ते बुवा सांगतीलच.

सगळा गाव हरखला. लगेच पारावर चर्चा बसली आणि पहिल्याच फटक्यात भांडण लागलं. म्हातारे बुधाजी म्हणाले, आईला दोन हात. मनुबाई म्हणाली, चार. दोघांनीही ते बुवांच्याच तोंडून ऐकलं होतं, निरनिराळ्या वर्षी. बुवांनी घसा खाकरून सांगितलं की आई ओटी घेताना दोन हातांची असते आणि कोपली की चार हातांची. लोकांनी माना डोलवल्या. रघू मात्र गिरणीतला माणूस, त्याला सगळं मोजून लागे. तो म्हणाला, चितारी एकच काहीतरी काढणार, तेव्हा यंदा बाहेर आलात की तिथंच सांगा, मी लिहून घेतो.

त्या दिवसापासून बुवांना घास गोड लागेना. तोंडातून निघालेलं वाऱ्यावर जातं, पण भिंतीवर लागलेलं चित्र कुठे जाणार? त्यांनी रचलेला चेहरा घरोघर लागणार, त्याला उदबत्ती ओवाळली जाणार. त्यांची बायको ठमाबाई रोज त्याच्यापुढे डोकं टेकणार. आणि त्याच्याही खाली एक जुनी शंका होती, जी त्यांनी आजवर स्वतःलाही नीट विचारू दिली नव्हती.

मग एका सकाळी ते होडीने रेवदंड्याला नुरुद्दीनच्या दुकानी गेले. नुरुद्दीन आधी आगबोटीवर होता. आता किराण्याबरोबर कंदील आणि नव्या बॅटऱ्या विकायचा. बुवांनी सांगितलं, पाण्यात न विझणारी आणि आपटली तरी न फुटणारी बॅटरी दाखव. कशाला, असं त्याने विचारल्यावर ते म्हणाले, विहिरीत कासव सोडलंय, ते दिसत नाही, जरा बघायचं आहे.

नुरुद्दीनने चकचकीत पांढरी बॅटरी काढून दिवसाउजेडी समोरच्या माडाच्या शेंड्यावर उजेड पाडल्याचं सांगितलं. बुवांना शेंडा काही उजळलेला दिसला नाही. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि दुकानातल्या पिण्याच्या माठात बुडवली. बॅटरीने दोनदा डोळे मिचकावून राम म्हटला. नुरुद्दीन माठाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ही साहेबलोकांची, बागेत फिरायची. दुसरी पितळी होती. ती बुवांनी गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकली, कारण रांगताना पडली तर तेवढ्यावरूनच पडणार. ती विझली, पण नुरुद्दीनने कानाखाली एक दिली की पेटायची. हिला एवढीच सवय आहे, असं तो म्हणाला. देवीपुढे उभं राहून थपडा मारणं बुवांना प्रशस्त वाटेना. हे मनातलं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, कासव बुजेल.

नुरुद्दीनने ती परत फडताळात ठेवली. मग आतल्या खोलीतून त्याने एक जाडजूड, काळ्या रबराने मढवलेली बॅटरी आणली. दिसायला अगदीच ओंगळ. बोटीवरच्या गोऱ्या इंजिनेराने जाताना त्याला दिली होती आणि ती विकायची नव्हती. परसातल्या विहिरीत त्याने ती दोरीला बांधून सोडली. तळाशी गेली तरी तिचा उजेड वरपर्यंत येत होता, शेवाळाचा दोरा न् दोरा दिसत होता. बुवा काठावर वाकले ते उठेचनात.

"उसनी देतो," नुरुद्दीन म्हणाला. "पन खरं सांगा बुवा. तुमच्या गावाच्या विहिरी मला ठाव हायत. एकीत बी कासव न्हाय."

जन्मभर इतकं बोललेल्या माणसाला तेव्हा धड वाक्य जुळेना. तरी त्यांनी सांगितलं. धार, काकडा, बाप, आजा, रघूचं चित्र, सगळं. गावात कुणालाच सांगता आलं नसतं, असं सगळं. नुरुद्दीन हसला नाही. फक्त इतकंच म्हणाला, "आन आत कायच न्हाय दिसलं तर?"

"म्हनून तर न विझनारी पायजे," बुवा म्हणाले. "विझली तर मी पुन्ना मनाला सांगनार, असंल अंधारात कुटंतरी. तीन पिढ्या आमी त्येच सांगत आलो."

माघी पौर्णिमेला बुवांनी रिवाजाप्रमाणे काकडा पेटवला आणि बॅटरी ओटीच्या खणात गुंडाळून कमरेला बांधली. पोट एकदम सुटल्यासारखं दिसत होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वळणावर धारेने काकडा नेहमीप्रमाणे विझवला. बुवांनी खण सोडला, कळ दाबली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण कुठे येत होतो.

उजव्या हाताची भिंत काळी, कालवांनी खरबरीत झालेली. ती संपली तिथे कट्टा. कट्ट्यावर एक खेकडा मालकासारखा बसला होता. त्याच्यामागे खडक, आणि खडकावर काहीच नव्हतं. ना मूर्ती, ना शेंदूर, ना कोरल्याची खूण. बुवांनी उजेड वर फिरवला, खाली फिरवला, सवयीने ओटी कट्ट्यावर ठेवली. मग ते पाण्यात मटकन बसले. वाईट वाटलं ते एवढ्याचंच की बाहेर जाऊन आपण आताही झकास बोलू शकू. डोळे, ओठ, नथ, सगळं तयार होतं. त्यांना रडू आलं आणि हातातली बॅटरी निसटून पाण्यात पडली.

ती विझली नाही. घरंगळत डाव्या अंगाला गेली आणि पाण्याखालून तिकडच्या भिंतीवर उजेड पडला. तिथे घळजाई होती.

हातभर उंचीची, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेली. डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि खाली ओठांची रेघ. ती भिंत कुठल्याच गुरवाच्या हाताला कधी लागली नव्हती. जाताना उजव्या हाताने उजवी भिंत धरायचे, येताना तीच भिंत डाव्या हाताने. देवी थेट कट्ट्याकडे बघत होती, म्हणजे वाकून ओटी ठेवणाऱ्या तीन पिढ्यांच्या पाठीकडे. पाठीकडे म्हणायचं ते लाजेखातर. ओलं धोतर नेसून रांगणाऱ्या माणसाचं मागून काय दिसतं ते बुवांना ठाऊक होतं. त्यांनी आधी धोतर सावरलं. मग खेकड्याकडून ओटी परत घेतली, देवीपुढे ठेवली आणि दोन्ही हात जोडले. बॅटरी पाण्यातच होती, ती तिचं काम करत होती. पाणी छातीला लागेपर्यंत ते तसेच बसून राहिले, मग बॅटरी कमरेला लपवून मागे फिरले.

बाहेर लोक काळजीत पडले होते. भरती सुरू झालेली, बुवांचा पत्ता नाही. ते दिसले तेव्हा सगळे पुढे धावले. त्यासाठी मुद्दाम मुंबईहून आलेला रघू पेन्सिल घेऊन तयार होता. बुधाजींनी विचारलं, आईचा चेहरा कसा होता?

बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. कोपली की काय, असं मागून कुणीतरी कुजबुजलं. रघूने धीर करून विचारलं, हात किती? बुवांनी मान हलवली, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हाय ती. आई हाय आत."

यात नवीन काय ते कुणाला उमगेना. ठमाबाई पुढे झाली आणि पदराने नवऱ्याचं ओलं तोंड पुसायला लागली.

"अवो, हाय म्हंजे?" ती म्हणाली. "कवा नव्हती?"

बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना आपल्या बायकोचा फार हेवा वाटला.